सकाळचा गंज

माझ्या चित्रांना घरात एकच परीक्षक आहे, माझी बायको, आणि तिनं मला वर्षानुवर्षं नापास केलेलं आहे. मी मोताळ्याला शाळेत चित्रकला शिकवायचो तेव्हा ती निदान गप्प तरी बसायची, कारण तेव्हाची माझी चित्रं गुळगुळीत असायची. सुरई, तिच्या शेजारी पेला, खाली चुण्या पडलेलं कापड, आणि पेन्सिलीची छटा अशी एकसारखी की पेला हातात घेऊन पाणी प्यावंसं वाटावं. ग्रेडच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांकडून मी हेच घोटून घेतलं. सुरईची एक बाजू दुसरीपेक्षा केसभर फुगली तरी मला खपायचं नाही. किती पोरांनी माझ्यामुळे चित्रकलेचा धसका घेतला असेल, देव जाणे.

निवृत्त झालो आणि मला त्या सुरईचा वीट आला. हातात पेन्सिल धरली की बोटं आपोआप छटा भरायला लागायची, जशी सवयीनं जपमाळ ओढावी तशी. म्हणून एक दिवस बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि दारांना रंग द्यायचा रुंद ब्रश घेऊन आलो. त्यानं बारीक काही काढताच येत नाही. एवढा ब्रश हातात असला की माणसाला आधी बघावं लागतं, मग ठरवावं लागतं, आणि मग एकदाच मारावं लागतं. पहिलं चित्र वांग्यांचं काढलं. ते सुकायला ठेवलं तर बायको येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय पोतेरं फिरवलं काय तुमी?"

"वांगे आहेत."

"वांगे? असे वांगे बाजारात आनले असते तं मी वापस पाठोले असते."

मला राग आला. पण खरं सांगायचं तर त्या वांग्यांना तसं म्हणणं गैर नव्हतं.

मी चित्रं काढतो ती आमच्या मधल्या खोलीत. पूर्वेला एक खिडकी आहे, तिच्याखाली जुनं लाकडी टेबल आहे, आणि मागच्या भिंतीला कधीकाळी दिलेला हिरवट निळा ऑइलपेंट आहे. सकाळी ऊन टेबलावर येतं आणि स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत सरकत सरकत खाली फरशीवर उतरतं. टेबलावर मी घरातलं जे दिसेल ते मांडतो. कांदे, लसणाची गड्डी, लाल कोहळ्याची फोड, आणि बहुतेक वेळा बायकोचा पितळी गंज. गंज म्हणजे आमच्या वऱ्हाडात उभ्या कडांचं, रुंद काठाचं पातेलं. उरलेल्या महाराष्ट्रात या शब्दाचा अर्थ वेगळा होतो हे मला माहीत होतं, पण मधल्या खोलीत बसून चित्र काढताना उरलेला महाराष्ट्र कोणाच्या लक्षात राहतो?

हा गंज तिच्या माहेरचा, संग्रामपूरकडचा. तिच्या वडिलांचं नाव त्याच्या काठाखाली ठोकून कोरलेलं आहे. घरात कुकर दोन आहेत, पण वरण ती गंजातच शिजवते, आणि त्यात माझं काही चालत नाही. त्यामुळे माझं मॉडेल फक्त वरणाच्या वेळेपर्यंत माझं असतं. रंग ओला असो, चित्र अर्धं असो, ती येते, टेबलावरून गंज उचलते आणि जाते. एकदा मी रागानं म्हणालो, अगं, निदान आजच्या दिवस कुकरात लाव. ती म्हणाली, "मंग तुमी कुकराचंच चित्र काढा न." त्या दिवशी जेवताना मी तिच्याशी बोललो नाही, पण वरण दोनदा घेतलं.

या घाईचा मला फायदाच झाला. आधी पातळ विटकरी रंगानं सगळा फलक झाकायचा. मग डोळे बारीक करून गंजाची अंधारी बाजू पाहायची आणि रुंद ब्रशाचा एकच फटकारा वरून खाली. मग उजेडाची बाजू, जाडसर पिवळा आणि पांढरा, तोही एकदाच. भिंतीकडची कड सोडून द्यायची, ती भिंतीत विरली तर विरू द्यायची. कांदा म्हणजे मनगटाचा एक वळसा. सगळ्यात अवघड काम त्यानंतरचं, ते म्हणजे पुन्हा हात न लावणं. माझ्यातला मास्तर लगेच खोडरबर शोधायला लागतो. म्हणून शेवटचा फटकारा मारला की मी ब्रश टाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो, आणि रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरांकडे पाहत राहतो.

गेल्या दिवाळीनंतर एक नवल घडलं. बायकोनं माझ्या चित्रांना नावं ठेवणं बंद केलं. आधी ती नुसतीच थांबून पाहायला लागली. मग एका सकाळी, मी कोहळ्याची फोड आणि गंज काढला होता, ती दारात उभी राहून म्हणाली, "हे जमलं बाप्पा तुमाले. एकदम खरंखुरं."

मी वर पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. मला फार आनंद झाला. शाळेत असताना माझ्या चित्रांना बक्षिसं मिळाली होती, प्रमाणपत्रं होती, पण ती सगळी त्या गुळगुळीत सुरईची होती. या फटकाऱ्यांना कोणी चांगलं म्हटलं होतं ते हे पहिल्यांदा, आणि म्हणणारी होती ती, जिनं वांग्यांना पोतेरं म्हटलं होतं. मला वाटलं, अखेर नजर तयार झाली. रोज डोळ्यांवर पडत राहिलं की कळतं माणसाला, असं मी स्वतःला सांगितलं. त्या दिवसापासून मी तिच्या शब्दाची वाट पाहायला लागलो. चित्र झालं की ओट्यावर जायचो, पण कान आत असायचा.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर मी एक चित्र काढलं, ते आजवरचं माझं सगळ्यात चांगलं. गंज, दोन कांदे, एक टमाटर, आणि खिडकीतून आलेलं ऊन गंजाच्या काठावर सांडलेलं. काठाखाली थोडा विटकरी आणि थोडा काळपट रंग मी अंगठ्यानंच ओढला होता, कारण तिथे तसं दिसत होतं. फोटो काढून पुण्याला लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'सकाळचा गंज'.

लेकीनं तो आपल्या सासूबाईंना दाखवला. विहीणबाई पुण्याच्या, वाचन दांडगं, माणूस अगदी गोड. त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी तो कौतुकानं बायकोसमोर मोठ्यानं लावला. विहीणबाई म्हणत होत्या, "काय सुंदर कल्पना आहे हो! सकाळचा गंज! जुन्या, वापरात नसलेल्या भांड्यावर चढलेला तो गंज, आणि त्यावर पडलेलं कोवळं ऊन. तो तांबूस डाग तर तुम्ही असा दाखवलाय की अंगावर काटा आला."

मी हसायला लागलो आणि हसता हसता बायकोचा चेहरा पाहून थांबलो.

"वापरात नाही म्हने? रोज वरन कशात शिजते मंग? अन् पितळीले गंज चढते काय? लोखंड आहे काय ते?"

"अव, त्याईच्याकडे गंज म्हंजे तो लोखंडावरचा. त्याईले काय मालूम आपला गंज."

"तांबूस डाग म्हने इहीनबाई! माह्या गंजाले डाग! तुमी काऊन काढला डाग?"

"होता म्हनून काढला."

हे मी बोलायला नको होतं. विहिणीनं आपल्या भांड्याला डाग म्हणणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि चिंच घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग ओला गंज पदरानं पुसत ती आली आणि तो तिनं टेबलावर आदळला, चित्राच्या शेजारी.

"घ्या. आता दाखवा कुठी आहे डाग."

डाग होता तिथेच होता. काठाखाली, नावाच्या अक्षरांच्या बाजूनं, हातभर लांबूनही दिसेल असा काळपट पट्टा, आणि त्याच्या कडेला चिंचेचा एक धागासुद्धा चिकटलेला. मी बोट ठेवून म्हणालो, हे काय आहे? तिनं माझं बोट बाजूला केलं आणि तिथे तळवा फिरवला.

"हात लावून पाहा. लख्ख आहे."

"हातानं नाही, डोयानं पाह्य."

ती वाकली. इतकी वाकली की नाक गंजाला टेकायला आलं. मग तिनं मान वळवून तितक्याच जवळून चित्र पाहिलं, आणि एकदम खूश होऊन म्हणाली, "मले तं दोन्ही सारखेच दिसते बाप्पा! हा गंज अन् तुमचा गंज. काई फरक नाही. अन् कांदे पाहा, तिन्ही कसे हुबेहूब काढले."

चित्रात कांदे दोनच होते. तिसरं टमाटर होतं.

मला कळायला वेळ लागला नाही. मी खुर्चीवर बसलो. माझ्या चित्रातल्या विरलेल्या कडा, एकमेकांत मिसळलेले रंग, नुसत्या फटकाऱ्यांनी उभं केलेलं भांडं, हे सगळं तिला हुबेहूब वाटत होतं, कारण तिला आता सगळं घर तसंच दिसत होतं. टीव्ही ती ऐकत होती, भाजी हातानं चाचपून घेत होती, आणि सुईत दोरा मी ओवून देत होतो. माझी पाठ तिनं थोपटली होती ती माझ्या कलेसाठी नव्हती.

"कवापासून?" मी विचारलं.

तिनं गंज टेबलावर जरा मागे सरकवला. मग म्हणाली, "दिवाईच्या आधीपासून. उलीसं धुकं पडल्यावानी. आता लय पडलं."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी दवाखान्यात नेलं असतं."

तिच्या लहानपणी तिच्या एका मावशीचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. फार जुनी गोष्ट, तेव्हाची ऑपरेशनं वेगळी, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. तिच्या डोळ्यांपुढे मात्र ती मावशीच होती, भिंत धरून धरून अंगणात येणारी. पण एकदा गुपित फुटल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही, आणि आम्ही बुलढाण्याला निघालो. एसटी राजूरचा घाट चढायला लागली. तिला मी खिडकीपाशी बसवलं होतं. ती बाहेर पाहत म्हणाली, "पयस फुलला असन आता, नाही?" मी पाहिलं. पळस फुलून गेला होता, झाडांखाली काळवंडलेल्या पाकळ्यांचा सडा होता. मी म्हणालो, हाव, फुलला आहे.

डॉक्टरीणबाई वयानं आमच्या लेकीएवढ्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "काकू, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकलाय. इतके दिवस काय केलंत? उजवा आधी करू. तो बरा झाला की डावा."

आम्ही घरी आलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तुरीची डाळ पाखडता पाखडता म्हणाली, "बिघडलं तं? आता निदान तुमी दिसता. फिक्के दिसता, पन दिसता."

मी म्हणालो, नाही बिघडणार. तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग एक करा. ते चित्र हाये तसंच ठेवा. हात नका लावू त्याले. डोया उघडला की मले ते पाहाचं आहे."

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मला दोन भीती होत्या. ऑपरेशन बिघडेल ही एक. दुसरी मी तिला सांगितली नाही, आणि मनातल्या मनातही तिच्याकडे नीट पाहत नव्हतो. ऑपरेशन चांगलं होईल, तिला लख्ख दिसेल, आणि मग माझ्या चित्रांना या जगात हुबेहूब म्हणणारं कोणी राहणार नाही. इतकी क्षुद्र भीती या वयात, ऐन अशा वेळी वाटावी याची लाज वाटत होती. वाटत होती हे मात्र खरं.

ऑपरेशन सुरळीत झालं. बाहेर बाकावर बसून मी जेवढं घाबरलो तेवढी ती आत घाबरली नव्हती, असं नंतर तिनंच सांगितलं. पट्टी निघाली तेव्हा तिनं आधी डॉक्टरीणबाईंच्या साडीच्या काठाचा रंग सांगितला, आणि मग माझ्याकडे पाहून, "दाढी काऊन नाही केली?" म्हणाली. मी तिथेच, परक्या लोकांसमोर, रुमाल काढून डोळे पुसले.

घरी काळा चष्मा, थेंब, वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, असे बरेच दिवस गेले. स्वयंपाक मी केला. वरण कुकरात लावलं, आणि तिनं ते काही न बोलता खाल्लं, यावरून ती किती दमली होती ते कळावं. मग चष्मा निघाला आणि घराची शामत आली. कोपऱ्यांतली जाळी, पंख्यावरची धूळ, माझ्या सदऱ्याच्या बाहीवरचे रंगाचे डाग. शेवटी तिनं मांडणीवरून गंज खाली घेतला.

"माय व! हा माहा गंज आहे?" तिनं तो उजेडात फिरवून पाहिला. "इहीनबाई खरंच बोलल्या न. कसा कयकट झाला हा!" तिनं मला चिंच आणायला लावली, ती स्वतः घासू शकत नव्हती म्हणून मला घासायला लावलं, आणि उजव्या डोळ्यानं शेजारी बसून देखरेख केली. डाग पुरता निघाला तेव्हाच तिनं मला सोडलं.

मग ती मधल्या खोलीत गेली. चित्र टेबलावर भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. मी हात धुवायच्या निमित्तानं मागेच राहिलो, पण किती वेळ हात धुणार? आत गेलो. ती चित्रासमोर खुर्ची ओढून बसली होती. मग तिनं डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि पाहिलं. तळवा काढून उजव्या डोळ्यावर ठेवला आणि पाहिलं. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. डोळ्यांच्या दवाखान्यात तक्त्यासमोर करतात तसं, पण फार सावकाश. मी दाराला टेकून उभा होतो, आणि निकाल काय लागणार ते मला माहीत होतं.

"ह्या चांगल्या डोयानं तं काईच समजत नाही," ती म्हणाली. "नुसते रंगाचे फटके. गंजाले काठ नाही, कांद्याले बूड नाही."

"नाहीच आहे," मी म्हणालो.

"अन् ह्या डोयानं सारं जाग्यावर आहे. ऊनसुद्धा आहे." ती माझ्याकडे वळली. "अहो, हा डावा राहू द्या."

"म्हंजे?"

"नका करू त्याचं ऑपरेशन. एका डोयानं मी सैपाक करीन, एकानं तुमचे चित्रं पाहीन. झालं न."

मी हसलो. तीही हसली, पण विषय तिनं सोडला नाही. ऑपरेशन टाळायला सबब मिळाली होती, तिला मी काही आज ओळखत नाही. पण ती नुसती सबब नव्हती. "मी चांगलं म्हनलं की तुमी दिवसभर गुनगुनत राहता," ती खाली पाहत म्हणाली. "मले दिसत नव्हतं, पन ऐकू येत होतं न."

मी गुणगुणतो हे मला माहीतच नव्हतं. क्षणभर मला तिचं म्हणणं ऐकावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. एक डोळा तर चांगला झालाच आहे, घाई काय, पुढे पाहू. मग मी खिशातून फोन काढला आणि दवाखान्याचा नंबर लावला.

"अन् मंग तुमच्या चित्राले चांगलं कोन म्हनन?" ती म्हणाली.

"कोनी नाही म्हनलं तं नाही म्हनलं."

मला फार वाईट वाटत होतं. पलीकडे एका मुलीनं फोन उचलला. पेशंटचं नाव विचारलं, ते मी सांगितलं. एक डोळा आधी झाला आहे हेही सांगितलं. मग तिनं विचारलं, "आता कोणता करायचाय, काका?"

"डावा," मी म्हणालो. ज्याला माझी चित्रं आवडतात तो, हे काही मी तिला सांगितलं नाही.